गाडीचे पाच, सारिकाचे साडेतीन

शोरूममधल्या पारखी यंत्राच्या कमानीतून गाडी बाहेर आली, तेव्हा सारिका हेंद्रेने तिच्या बॉनेटवर तळहात ठेवला. तपासणीच्या खोलीतून आणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात, तसा. पत्रा कोमट होता. सकाळीच तिने गाडी धुतली होती, काचा वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसल्या होत्या, पायपुसणी उन्हात घातली होती. लेक दाखवायची असली की घर आवरतात, तसं सगळं.

कमानीवरच्या पडद्यावर आकडा उमटला. साडेतीन लाख.

"साडेतीन?" सारिका म्हणाली. "अहो, परवाच आमच्या उमेशभावजींच्या गाडीला तुमच्या ह्याच कमानीनं पाच लावले."

शोरूममधला कौस्तुभ अदबीने हसला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर 'अदलाबदल अधिकारी' असं लिहिलेलं होतं. "गाडी गाडीत फरक असतो मॅडम."

"असतो ना. पण ह्या दोन्ही एका दसऱ्याला, एका दुकानातून, एकाच रंगाच्या घेतल्यात. दोन भाऊ, दोन गाड्या, नारळसुद्धा एकाच पोत्यातले. आणि भावजींच्या गाडीचा पुढचा बंपर तारेनं बांधलाय. मागच्या सीटवरून शेळ्या नेतात ते."

"यंत्राला वशिला लागत नाही, मॅडम. शेळीचाही नाही." तो स्वतःच्याच विनोदावर जरा थांबला. "प्रस्ताव आठ दिवस बांधील आहे. नवी गाडी तयार आहे. तुम्ही नुसतं हो म्हणा."

नवी गाडी काचेपलीकडे उभी होती. तिचं डावीकडचं आसन बटण दाबलं की वळायचं, दाराबाहेर यायचं आणि खाली झुकायचं. त्या आसनासाठीच सारिका आली होती. तिचा नवरा प्रताप. साखरेनं त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नेला होता आणि मूत्रपिंडं निकामी केली होती. आठवड्यातून तीनदा वैरागहून सोलापूरला, रक्त धुऊन आणायला. दरवेळी सारिका आणि शेजारचा कुणीतरी त्याला बगलेत धरून गाडीत घालायचे. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या दारात तो हातातून निसटून पडला. लोक जमले. त्या दिवसापासून तो शांत झाला होता, आणि परवा एवढंच बोलला होता, "पोत्यासारखं चढवून घ्यायचा कंटाळा आला गं. हा महिना येतो. पुढं नाही येणार."

पुढं नाही येणार म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. जुन्या गाडीचे पाच आले असते तर उरलेल्या पैशांचा हप्ता झेपला असता. साडेतीनमध्ये ती गाडी काचेपलीकडेच राहणार होती.

*

घरी येताना सारिका उमेशच्या दारात उतरली. तो ओट्यावर पायावर पाय टाकून फोनवर कुणालातरी झाडत होता. "नको म्हटलं ना. विमा नको, कर्ज नको, तू पण नको. ठेव." मग तिच्याकडे वळून, "या वहिनी. किती आले?"

"तुम्ही किती दिले, ते आधी सांगा."

"म्हंजे?"

"त्या शोरूमवाल्याला. तुमच्या खटाऱ्याला पाच आणि माझ्या गाडीला साडेतीन, हे काय देवानं केलं?"

उमेश बघतच राहिला. मग त्याचा आवाज चढला. "वहिनी, दादा आजारी आहे म्हणून ऐकून घेतोय. मी लाच दिली असती तर बंपर नसता का बदलला आधी?"

"तुमचं काय सांगावं. वाटणीच्या वेळीही विहीर तुमच्याकडेच आली."

तो शब्द सुटला आणि ओट्यावर पडला. कुणी उचलला नाही. उमेशने आत जाऊन किल्ली आणली आणि तिच्यासमोर ठेवली. "माझी अजून दिलेली नाही. उद्या तुम्ही घेऊन जावा. मी येतच नाही. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी ती उमेशची गाडी घेऊन गेली. धुतली नाही, लेंड्यासुद्धा झाडल्या नाहीत. कमानीतून गाडी गेली, तारेने बांधलेला बंपर खडखडला, आणि पडद्यावर आकडा उमटला. पाच लाख.

लाच नव्हती. सारिकाच्या मनात आधी लाज आली, मग तिच्या मागोमाग, तिचा पदर धरून, राग आला.

"आता मला सांगा," ती कौस्तुभसमोर खुर्ची ओढून बसली. "कायद्यानं कारण मागायचा हक्क आहे मला. टीव्हीवर बघितलंय."

कौस्तुभने पडदा तिच्याकडे वळवला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि हेच पुढे तिला जास्त लागलं.

*

पारखी दोन कामं करत असे. पहिलं काम सरळ होतं आणि खरं सांगायचं तर देखणं होतं. बाजारात मडकं घेताना आपण त्याला टिचकी मारतो. पक्कं मडकं खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. पारखी साऱ्या गाडीला एकदम टिचकी मारी. माणसाच्या कानाला न कळणाऱ्या ध्वनिलहरी पत्र्यातून, सांध्यांतून, आसातून, बॅटरीच्या थरांतून जात आणि आपापला सूर घेऊन परत येत. कुठे गंज धरलाय, कुठला सांधा थकलाय, बॅटरीत किती जीव उरलाय, सगळं त्या सुरांत असे. त्यातून गाडीचं मूल्य निघे. त्यात कसलीच फसवणूक नव्हती.

दुसरं काम गाडीच्या आत चाले. दहा वर्षांपासून प्रत्येक गाडीत झोपराखण बसवणं सक्तीचं होतं. चाकामागे एक डोळा, छतात एक कान, आसनात नाडी मोजणारे धागे. चालवणाऱ्याला डुलकी लागली की आसन थरथरून त्याला जागं करी. त्यानं किती घरांची कुंकवं राखली याला गणती नाही. पण घोरणं ऐकायला ठेवलेल्या कानाला हुंदकाही ऐकू येतोच. कायदा म्हणत होता, गाडीतलं बोलणं गाडीबाहेर जाता कामा नये. कंपन्यांनी कायदा पाळला. बोलणं गाडीतच राहिलं. गाडीतल्या संगणकाने ते रोज चरकात घातलं, आणि बाहेर फक्त सार पाठवलं. हा माणूस भांडतो किती, माघार किती लवकर घेतो, पैशाचा विषय निघाला की श्वास किती वेळ धरतो, कशाच्या घाईत आहे. ऊस जागेवर राहिला, रस तेवढा गेला.

आणि त्या रसातून एक आकडा निघे. कमीत कमी कितीला हा माणूस हो म्हणेल, तो आकडा. त्याला होकारबिंदू म्हणत.

"तुमच्या गाडीचं मूल्य पाच लाख दहा हजार आहे," कौस्तुभने वाचून दाखवलं. "सरांच्या गाडीचं चार ऐंशी. तुमची गाडी जास्त चांगली आहे, मॅडम. उत्तम ठेवलीय. होकारबिंदू मात्र... ग्राहक निकडीत. नकाराची शक्यता अल्प. वाहनाशी जिव्हाळा अधिक."

"जिव्हाळा अधिक असला तर किंमत वाढायला पाहिजे ना?"

"उलटं असतं. ज्याचा जीव असतो तो घासाघीस करत नाही. चांगल्या हाती पडावी एवढंच बघतो. लाखो व्यवहारांतून शिकलंय हे."

"आणि भावजींना पाच कसे?"

"सरांचा नकारांक जिल्ह्यात वरचा आहे," कौस्तुभ थोड्या आदरानेच म्हणाला. "ते गाडीत बसून दिवसाकाठी इतक्यांना नाही म्हणतात की त्यांना मूल्याच्या वर द्यावं लागतं. नाहीतर उठून जातात."

"जिव्हाळा कशावरून काढला माझा?"

त्याने पडद्यावर बोट सरकवलं. "एकटं असताना बोलणे, वारंवार. गुणगुणणे, वारंवार."

सारिकाचे कान तापले. प्रतापला आत सुईला लावलं की चार तास तिला दवाखान्याच्या आवारात काढायचे असत. ती गाडीत बसे. काचा वर करी. तिची आजी जात्यावर बसून सासर-माहेरचं सगळं जात्याला सांगे, कारण जातं गरगर फिरतं आणि कुणाला काही सांगत नाही. सारिकाच्या घरात जातं नव्हतं. तिने गाडीला सांगितलं होतं. स्टिअरिंगवर डोकं टेकून, स्वतःच जुळवलेलं.

पाठची तू बहीण गं, नको मोडू माझ्या मना
कुंकवाच्या धन्याला या नेशील ना, आणशील ना

त्या दोन ओळींचे एक लाख साठ हजार कापले होते.

"म्हणजे पाच गाडीचे," ती हळू म्हणाली. "साडेतीन माझे."

"असं नाही मॅडम, गाडी घेताना तुम्ही अटी मान्य..."

"कौस्तुभ ना तुझं नाव? तुझी आई आहे?"

"आहे."

"ती स्वयंपाक करताना स्वतःशी काय बोलते, हे तू कधी चोरून ऐकलंयस? आणि ऐकून मग तिला घरखर्चाला कमी दिलेस?"

कौस्तुभने पडदा परत स्वतःकडे वळवला. "मी आकडा बदलू शकत नाही, मॅडम," तो म्हणाला. ते खरं होतं. अशी माणसं नेमून ठेवतात, ज्यांना काही बदलता येत नाही.

*

उमेश आपली गाडी न्यायला घरी आला तेव्हा तिने त्याची क्षमा मागितली आणि सगळं सांगितलं. तो हसून लोळायचा बाकी होता. "शिव्यांचे पैसे मिळाले की वहिनी मला. सरकारनं पुरस्कार द्यावा." मग तिचा चेहरा बघून त्याने सूर बदलला. "बाहेर विकू. कुणालाही."

"कुणालाही कसं? गिऱ्हाइकाच्या कानात पारखीच बोलती ना." ते खरं होतं. पैसे भरले की पारखी कुणालाही कानातल्या बोंडातून सल्ला देई. समोरचा माणूस बोलला, हसला, आवंढा गिळला, की ती घेणाऱ्याच्या कानात पुटपुटे, थांब, अजून खाली येईल.

खाटेवर पडलेला प्रताप इतका वेळ ऐकत होता. "बाजारात न्या," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"आपल्या. जनावरांच्या."

प्रतापचे आजे-पणजे हेडी. बैलांचे सौदे करणारे. त्यानेही तरुणपणी ते केलं होतं. आता बैल थोडे उरले होते. ज्या दावणींना खिल्लारं लागायची तिथे शनिवारी जुन्या गाड्या उभ्या राहत. पण सौद्याची रीत मोडली नव्हती. देणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत, आणि बोटांनी बोलत. धरलेलं बोट म्हणजे लाख, दाबलेलं पेर म्हणजे दहा हजार. तोंडाने एक अक्षर नाही. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांतच. हल्ली एका नियमाची भर पडली होती. रुमालाखाली हात गेला की कान उघडा पाहिजे. बोंड काढून बाजूला.

"मग दादा, तू बस की सौद्याला," उमेश म्हणाला. "खुर्चीत बसवून नेतो."

प्रतापने हात वर केला. बोटं हलवली. "मेलीत ही. साखरेनं पायाबरोबर ह्यांचीही जाण नेली. कुणी चार धरली का पाच, मला कळायचं नाही." तो थांबला. "हिला घालावा लागेल हात."

उमेश उठूनच उभा राहिला. "भर बाजारात? वहिनी परक्या माणसाचा हात धरणार? लोक काय म्हणतील, दादा?"

"पंधरा दिवसांनी मी मेलो की काय म्हणतील?"

उमेश परत खाली बसला.

दुपारी प्रतापने टॉवेल मागवला. तिचा हात आत घेतला आणि दाबू लागला. त्याला स्वतःला काहीच कळत नव्हतं, म्हणून सारिका मोठ्याने सांगत राहिली. "तीन. तीन आणि दोन पेरं. नाही, ते नुसतंच घसरलं. आता चार." वीस वर्षांच्या संसारात त्याने तिचा हात इतका वेळ धरला नव्हता, आणि धरला तेव्हा त्याला तो जाणवत नव्हता. तिने हे बोलून दाखवलं नाही. त्यानेच दाखवलं. "गरम आहे का गं तुझा हात?"

"आहे."

"चेहऱ्यावर काही आणू नकोस. बोट धरलं की सोडायचं नाही. पाच म्हणजे पाच. सोलापुरात एक जण जुन्या व्हॅनला फिरती खुर्ची बसवून देतो, व्हॅनसकट सगळं मिळून पाचात. मी विचारून ठेवलंय."

तिने चमकून पाहिलं. पुढं नाही येणार म्हणणाऱ्या माणसाने विचारून ठेवलं होतं.

*

शनिवारी बाजारात धूळ आणि गोमूत्राचा जुना वास होता. प्रताप गाडीतच बसला, काच खाली करून. एक बाई गाडीचा सौदा करायला बसलीय म्हटल्यावर बरीच गिऱ्हाइकं नुसती बघून गेली. एकाने उमेशला विचारलं, "मालक कोण?" उमेशने वहिनीकडे बोट दाखवलं. त्याला ते जड गेलं, पण त्याने दाखवलं.

शेवटी नजीर मुजावर आला. शाळेच्या पोरांची ने-आण करणारा, पन्नाशीचा, दाढीला मेंदी. त्याने गाडी चालवून बघितली, खाली वाकून बघितलं, बॅटरीचा कागद बघितला. मग समोर बसला आणि अडखळला.

"ताई, सौदा तुम्ही करणार? रुमालाखाली?"

"मीच."

"तुमची हरकत नसेल तर." त्याने कानातलं बोंड काढून वरच्या खिशात टाकलं. खांद्यावरचा धुतलेला पंचा झटकला आणि दोघांच्या हातांवर पसरला.

परका हात खरबरीत होता. त्याने तिची चार बोटं धरली. तिने मान हलवली नाही, डोळा हलवला नाही, आणि त्याची पाची बोटं मुठीत घेतली. त्याने चार धरून पाच पेरं दाबली. साडेचार. तिने पाच सोडली नाहीत. भोवतीची माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. तोंडावर काही नव्हतं. पण हात कापू लागला. तिने थांबवायचा प्रयत्न केला तसा तो जास्त कापला, तळव्याला घाम फुटला, आणि तिला कळलं की ह्याला कळलंय. निकड, जिव्हाळा, सगळं. पारखीने दहा वर्षं कान लावून जे काढलं, ते ह्या माणसाला एका मुठीत सापडलं होतं.

नजीरची बोटं थांबली. मग त्याने तिची पाची बोटं धरली, घट्ट, आणि पंचा काढला.

"झालं," तो भोवतीच्या लोकांना म्हणाला.

लोक पांगले. सारिकाने पदराने तळवा पुसला. "नजीरभाई, माझा हात कापत होता."

"होय."

"मग अजून खाली का नाही आणलंत?"

नजीरने पंच्याची घडी घालून खांद्यावर टाकली. "पुढच्या शनिवारी बाजार परत भरतो, ताई. मला इथंच यायचंय." मग थोडं थांबून, "माझा हात गार पडला होता. जुनी गाडी बंद पडलीय, सोमवारी पोरं रस्त्यावर उभी राहणार. तुम्हाला ते कळलं नाही."

तिला खरंच कळलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष स्वतःच्याच हातात अडकलं होतं.

नजीर गाडीत बसला, चाकामागे, आणि चालू करून बघितली. "हिचे कान आधी काढून टाकतो," तो प्रतापला सांगत होता. "पोरं काय काय बोलतात गाडीत."

तेवढ्यात सारिकाचा फोन वाजला. अनोळखी नाडी आसनावर बसली, हे गाडीने तोवर पारखीला कळवलं होतं. पलीकडे कौस्तुभ होता.

"मॅडम, तुमचा प्रस्ताव सुधारलाय. पाच लाख तीस हजार. आणि नवी गाडी आज संध्याकाळीच."

शेजारी उभ्या उमेशने ऐकलं. तो खुणेने बोटं उडवू लागला, तीस, तीस. पैसे अजून हातात आले नव्हते. नजीर फोनवरून ते पाठवायच्याच बेतात होता. काचेपलीकडची गाडी सारिकाला दिसली, तिचं वळणारं आसन दिसलं. तिने प्रतापकडे बघितलं. तो काहीच खूण करत नव्हता.

"कौस्तुभ," ती म्हणाली, "गाडी तीच आहे ना? धुतलेलीसुद्धा नाही मी परत. मग आठ दिवसांत काय वाढलं?"

पलीकडे नुसती बटणं वाजली.

"सांग की. यंत्रानं काहीतरी लिहिलं असेल."

"नकाराची शक्यता... वाढलेली आहे, असं लिहिलंय."

"म्हणजे मी उठून गेले म्हणून मला माझे पैसे मिळणार. आणि जी उठून जाऊ शकत नाही तिला?"

"मॅडम, मी फक्त..."

"माहितीय रे. तुला बदलता येत नाही. विकली मी गाडी."

क्षणभर फोनमध्ये त्याच्या मागचं कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं. मग कौस्तुभने विचारलं, "कितीला दिलीत, मॅडम? नुसतं नोंदीसाठी. पारखीला शिकायला लागतं."

सारिकाने नजीरच्या खांद्यावरच्या पंच्याच्या घडीकडे बघितलं.

"ते पंच्याला विचार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.